बफेलोला गेलो, नायगारा न बघता

गुरुवार

न्यू जर्सीतलं आमचं एडिसन ते बफेलो साधारण पावणेचारशे मैल, म्हणजे चहापाण्याला थांबत थांबत गेलं की सात तास कुठे गेले नाहीत. एवढ्या लांब, तेही रजा टाकून, एका बाईचं गाणं ऐकायला जायचं हे आमच्या ग्रुपमध्ये कोणालाच झेपलं नाही, कारण ती बाई न्यू यॉर्कलाही गाते, फिलाडेल्फियालाही गाते, तिकडे ट्रेनने जाऊन रात्री घरी परत येता येतं. आणि सासूबाईंना तर शेवटपर्यंत वाटत होतं की आम्ही नायगाऱ्यालाच चाललोय. बफेलो म्हटल्यावर मराठी माणसाला दुसरं काय आठवणार म्हणा! दर उन्हाळ्यात इंडियाहून कोणीतरी येतं, मग रेनकोट घालून बोटीत बसायचं, भिजायचं, फोटो काढायचे आणि हॉटेलला झोपायला बफेलोच्या कुठल्यातरी हायवेच्या कडेला जायचं. त्यापलीकडे तिथे एक अख्खं शहर आहे हे आम्हालाही इतकी वर्षं नीट माहीत नव्हतं. यावेळी नायगाऱ्याचं नाव काढायचं नाही असं आधीच ठरवून टाकलं.

तर बाईंचं नाव आनी डिफ्रँको. १९७० चा जन्म, गाव बफेलो. नवव्या वर्षी गिटार हातात घेतली, पंधराव्या वर्षापासून एकटी राहायला लागली, आणि १९९० च्या आसपास स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, रायचस बेब नावाची. मोठ्या कंपन्या पैसे घेऊन दारात आल्या तरी ती त्यांच्याकडे गेली नाही, आणि कंपनी चालवली ती बफेलोमधूनच. लिहिणार ती, चाल लावणार ती, गाणार ती, विकणारही तीच. आपल्याकडे असं स्वतः लिहून स्वतः गाणारं कोण म्हटलं तर मला आधी शाहीर आठवतात, आणि ते काही उगाच नाही, कारण आनीने यूटा फिलिप्स नावाच्या एका म्हाताऱ्या कामगार-गायकाच्या गोष्टी घेऊन त्याच्याबरोबर दोन आल्बम केलेत, १९९६ ला एक आणि १९९९ ला दुसरा. संप, युनियन, मालगाडीतून फिरणारे मजूर असलं सगळं. अमर शेखांच्या आवाजातलं ज्याने ऐकलंय त्याला ते अजिबात परकं वाटणार नाही.

मला ती सापडली एमएस करताना. रूममेट अमेरिकन होती, तिच्याकडे १९९७ चा 'लिव्हिंग इन क्लिप' हा लाइव्ह आल्बम होता, दोन सीड्यांचा, तो ती भांडी घासताना लावायची. मला आधी त्या गाण्यांचा रागच आला होता, कारण गाण्यात काय चाललंय तेच कळेना, बाई मध्येच बोलते काय, हसते काय, आणि गिटार ढोलकीसारखी वाजवते. मग सेमिस्टर संपेपर्यंत अख्खा आल्बम पाठ.

नवरा सोबत आला त्याचं कारण मात्र वेगळं. तो स्ट्रक्चरल इंजिनियर, कराडचा, गाण्यात किशोरकुमारच्या पुढे जायची त्याला कधी गरज वाटली नाही. त्याला मी नुसतं गाणं ऐकायला चल म्हटलं असतं तर "तू मैत्रिणीबरोबर जा ना" हे उत्तर ठरलेलं होतं. पण कार्यक्रम ज्या जागेत होता ती जागा म्हणजे पाडायला काढलेलं जुनं दगडी चर्च, आणि ते आनीने आणि तिच्या मॅनेजरने मिळून विकत घेऊन दुरुस्त केलेलं आहे, हे सांगितल्यावर साहेबांनी लगेच लॅपटॉप उघडला. वर बफेलोत फ्रँक लॉइड राइट या प्रसिद्ध अमेरिकन आर्किटेक्टने बांधलेलं घर आहे. झालं, रजा टाकली.

पोरं सासूबाईंच्या ताब्यात देऊन सकाळी नऊला निघालो. सासूबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती आणि विचारलं, "चर्चमध्ये गाते म्हणजे भजनं म्हणते का गं ती?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं." यावर नवरा इतका जोरात खोकला की बस.

रस्ता छान आहे. आय-८० ने डेलावेअर वॉटर गॅपपर्यंत, तिथे डोंगर फोडून नदी बाहेर येते तो भाग कितीदाही गेलं तरी बघावासा वाटतो, मग स्क्रँटन, बिंगहॅम्टन, कॉर्निंग. सप्टेंबरचा शेवट होता, झाडं नुकती पिवळी पडायला लागलेली. गाडीत अर्थात माझी प्लेलिस्ट. नवऱ्याचे शेरे चालू होतेच. "ही गिटार वाजवते का बडवते?", "श्वास कधी घेते ही?", "याला मुखडा नाहीये का?" वगैरे. फक्त १९९४ च्या 'बिल्डिंग्ज अँड ब्रिजेस'ला तो गप्प झाला, कारण त्यात इमारती आणि पूल वाऱ्यात वाकतील असेच बांधलेले असतात, म्हणून ते टिकतात असं आहे. "हे मात्र बरोबर बोलली," म्हणाला, "ताठ बांधलं तर तडा जातो." मग पुढचा अर्धा तास उंच इमारती वाऱ्याने किती इंच हलतात यावर लेक्चर. गाणं राहिलं बाजूला.

संध्याकाळी पोचलो, हॉटेलात सामान टाकलं आणि थेट विंग्ज खायला मेन स्ट्रीटवरच्या अँकर बारमध्ये. कोंबडीचे पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळवायची आयडिया १९६४ साली इथल्याच मालकीणबाईंची, टेरेसा बेलिसिमो यांची, असं म्हणतात. सोबत सेलरीच्या कांड्या आणि ब्लू चीज. शेजारच्या टेबलवरच्या एका मुलाने ब्लू चीजऐवजी रँच, म्हणजे ताकाचं डिप, मागितलं तर त्याच्याच गर्लफ्रेंडने त्याच्याकडे अशी नजर टाकली की बिचाऱ्याने ऑर्डर बदलली. बफेलोत विंग्जबरोबर रँच मागायचं नसतं, लक्षात ठेवा. तिखट म्हणाल तर 'हॉट' घेतलं तरी आपल्याला मिडीयमच, पण चव आहे. व्हिनेगर आणि बटर यांचा तो आंबटसर तेलकटपणा बोटांवरून दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही.

शुक्रवार

सकाळी सिटी हॉल. हे अगदी आवर्जून करा, आणि वीकडेलाच करा, कारण वरची गच्ची ऑफिसच्या दिवशी उघडी असते आणि फुकट असते. १९३१ च्या सुमारास बांधलेली ३२ मजली आर्ट डेको इमारत, म्हणजे आपली नगरपालिका म्हणून डोक्यात जे चित्र असतं त्याच्याशी काहीही संबंध नाही. लिफ्टने वर जायचं, मग तीन जिने चढून अठ्ठाविसाव्या मजल्यावर. तिथून एका बाजूला लेक एरी, पलीकडे कॅनडा, मध्ये पीस ब्रिज. खाली गोल चौक, त्यात मॅकिन्ली यांचा पांढरा स्तंभ. हे राष्ट्राध्यक्ष १९०१ मध्ये याच गावात भरलेल्या प्रदर्शनात गोळी लागून गेले. चौकातून रस्ते चहूकडे फुटलेले दिसतात.

आणि दिसतात ते पार्किंग लॉट. वरून बघितल्याशिवाय कळत नाही किती आहेत. डाउनटाउनच्या मधोमध, चांगल्या चांगल्या दगडी इमारतींच्या मध्ये एकदम काळे सपाट चौकोन, त्यात गाड्या, आणि त्यातले बरेच तर अर्धे रिकामे. मी नवऱ्याला तिथेच उभं राहून 'सबडिव्हिजन' ऐकवलं, एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. २००१ च्या आल्बममधलं गाणं. गोरे लोक शहर सोडून उपनगरात कसे निघून गेले आणि मागे काय उरलं ते त्यात आहे, आणि जुन्या इमारतींची भुतं पार्किंग लॉटमध्ये फिरतायत अशी एक ओळ आहे. घरी हेडफोनवर ऐकताना मला ती कवीकल्पना वाटायची. वरून बघितल्यावर ते चक्क वर्णन निघालं. तिने आपलं दिसतंय ते लिहिलंय.

थोडं गावाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. १८२५ ला एरी कॅनॉल झाला आणि बफेलो त्याच्या टोकाला, त्यामुळे मिडवेस्टचं सगळं धान्य बोटींनी इथे यायचं, इथे उतरायचं आणि कॅनॉलने न्यू यॉर्कला जायचं. वाफेवर चालणारं पहिलं ग्रेन एलिव्हेटर, म्हणजे बोटीतलं धान्य यंत्राने वर उचलून साठवायचं कोठार, १८४२ मध्ये इथेच झालं. १९०० मध्ये हे देशातलं आठव्या नंबरचं शहर होतं! मग १९५९ ला सेंट लॉरेन्स सीवे उघडला, जहाजं बफेलोला वळसा घालून थेट समुद्रात जायला लागली, पुढे शेजारच्या लॅकवानाची मोठी स्टील मिल १९८३ मध्ये जवळजवळ बंद झाली. १९५० ला वस्ती होती पाच लाख ऐंशी हजार, २०२० च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या थोडी वर. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक गेले. गिरणगावाचं जे झालं तेच, फक्त इथे टॉवर यायच्या ऐवजी पार्किंग आलं. आणि गेले ते सगळे सारखे गेले नाहीत. मेन स्ट्रीटच्या पूर्वेला काळ्या लोकांची वस्ती, तिथे झाडांचा एक सुंदर रस्ता होता तो खोदून त्यातून एक्सप्रेसवे काढला, म्हणजे उपनगरातल्यांना ऑफिसला लवकर पोचता यावं. आम्ही त्याच एक्सप्रेसवेवरून आदल्या दिवशी गावात थोडं फिरलो होतो आणि "वा, ट्रॅफिक नाही" म्हणून खूश झालो होतो.

दुपारी नवऱ्याची तीर्थयात्रा. लार्किन साबण कंपनीची ऑफिस बिल्डिंग, फ्रँक लॉइड राइटची, १९०६ ची. बिल्डिंग नाहीचे. १९५० मध्ये पाडली. तिच्याजागी ट्रक टर्मिनल होणार होतं, तेही झालं नाही. राहिलाय विटांचा एक खांब, कुंपणाच्या भिंतीचा, आणि माहिती लिहिलेली पाटी. बाकी पार्किंग. नवरा त्या एका खांबाजवळ एवढा वेळ उभा होता की मला वाटलं आता हा नारळ फोडतो. विटांना हात लावून बघत होता, सांधे बघत होता. इमारत इतकी मजबूत होती की पाडायलाच काही महिने लागले म्हणे. एवढी मेहनत पाडायला घेतात, तेवढीच दुरुस्तीला घ्यायची ना, असं तो बराच वेळ स्वतःशीच बोलत होता. मी गाडीत बसून स्पंज कँडी खाल्ली. ही इथली खासियत, आत जाळीदार कुरकुरीत साखर आणि वरून चॉकलेट, दाताला चिकटते पण सोडवत नाही.

रात्री ॲलन स्ट्रीटवरच्या नीत्शेजमध्ये. हा एक जुना बार, आनी वीस वर्षांची पण नव्हती तेव्हापासून इथे वाजवायची. मी मनात काहीतरी भव्य चित्र घेऊन गेले होते. प्रत्यक्षात अंधार, बिअरचा वास, लांबट खोली, मागच्या बाजूला छोटं स्टेज, छताला काय काय लटकवलेलं. एक लोकल बँड वाजवत होता, ऐकायला वीस-पंचवीस लोक, त्यातले निम्मे गप्पा मारतायत. तिथे उभं राहिल्यावर मला तिच्या गिटारचं एक कोडं सुटलं. दारू पिऊन बडबड करणाऱ्या लोकांसमोर एकट्या मुलीला एका गिटारवर लक्ष वेधून घ्यायचं असेल तर ती हळुवार वाजवूच शकत नाही, बडवावंच लागणार. नवऱ्याला ओरडून सांगितलं. त्याने मान डोलावली, पण त्याला ऐकू आलं नव्हतं हे नंतर कळलं.

शनिवार

सकाळी मार्टिन हाउस. तिकीट आधी काढून ठेवा, टूरशिवाय आत सोडत नाहीत. हेही राइटचं, १९०५ च्या आसपासचं, लार्किनमधल्याच एका बड्या अधिकाऱ्याचं घर. म्हणजे एकाच माणसाच्या ओळखीतून गावाला हे दोन राइट मिळाले, एक पाडला आणि एक कसाबसा वाचला. कसाबसा म्हणजे मधल्या काळात घर रिकामं पडलं, मागचा लांबलचक पर्गोला (खांबांवर छत असलेली वाट), काचघर आणि गाड्यांचं घर १९६० च्या दशकात पाडून तिथे अपार्टमेंट बांधली, आणि चाळीस वर्षांनी ती अपार्टमेंट पाडून तिथे पुन्हा तोच पर्गोला, तेच काचघर मूळ नकाशावरून बांधलं! गाइड बाई हे इतक्या सहज सांगत होत्या. आतल्या खिडक्यांच्या काचांची नक्षी मात्र बघतच राहावी अशी. आतून सोनेरी दिसतात, बाहेर आलो की त्याच काचा हिरवट. फोटो काढायला आतमध्ये बंदी होती त्यामुळे शांतपणे बघता आलं हे एक बरं झालं.

दुपारी झोपलो. वयाचा मान राखायला पाहिजे.

साडेसहाला डेलावेअर ॲव्हेन्यूवर. चर्च लांबूनच दिसतं, तांबूस दगडाचं, उंच, गॉथिक. १८७० च्या दशकात मेथॉडिस्ट लोकांनी बांधलेलं. मग लोक उपनगरात गेले, चर्चला येणारे कमी झाले, पैसे संपले, आणि नव्वदच्या दशकात बुरुजाचे दगड निखळायला लागल्यावर पाडायचंच घाटत होतं. तेव्हा आनी आणि तिचा मॅनेजर स्कॉट फिशर मध्ये पडले, इमारत घेतली आणि कित्येक वर्षं दुरुस्ती करत बसले. २००६ पासून ते उघडलं, आता नाव बेबव्हिल. मोठ्या हॉलमध्ये बाराशे लोक मावतात, तळघरात एक छोटा बार आहे, आणि हॉलवॉल्स नावाची १९७४ पासूनची आर्ट गॅलरी याच इमारतीत आहे. २००७ मध्ये तिने इथेच केलेल्या कार्यक्रमाची डीव्हीडी माझ्याकडे आहे, त्यामुळे आत शिरल्यावर मला घर ओळखीचं वाटत होतं आणि नवरा वर छताकडे बघत लोकांना धडकत होता.

रांगेत आमच्या पुढे एक साठीच्या बाई होत्या, सोबत विशीतली मुलगी. आम्ही न्यू जर्सीहून आलोय म्हटल्यावर त्यांनी मागच्या-पुढच्या सगळ्यांना सांगितलं. त्यांचे वडील स्टील मिलमध्ये होते. त्यांनी आनीची पहिली कॅसेट तिच्याच हातून, कार्यक्रम झाल्यावर, घेतली होती म्हणे, आणि ती अजून आहे पण वाजवायला टेपरेकॉर्डर नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त आवडलं. त्या रोज या चर्चवरून कामाला जायच्या, आणि फुटपाथवर दगड पडतील म्हणून कुंपण घातलेलं असायचं, तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर जावं लागायचं. ते कुंपण किती वर्षं होतं हे त्यांना आठवेना, पण ज्या दिवशी ते निघालं त्या दिवशी त्या मुद्दाम या बाजूने चालल्या. त्यांना तिची गाणी आवडतातच असं नाही हेही त्यांनी हळूच सांगितलं, "अलीकडची जरा अवघड आहेत." पण गावात आली की यायचंच. आनी आता न्यू ऑर्लिन्सला राहते, त्याबद्दल त्यांना थोडा राग आहे. मुलीने सासरी जाऊन तिकडचंच कौतुक करावं तसला राग.

आम्ही बाल्कनीत. नवऱ्याने मुद्दाम तीच घेतली होती, छत जवळून दिसावं म्हणून. खिडक्यांच्या रंगीत काचा, बाहेर अजून उजेड होता तोवर त्यांचे रंग समोरच्या भिंतीवर पडले होते. आधी एका मुलाने अर्धा तास गायलं, बरा होता, फार लाजत होता. मग दिवे गेले आणि ती आली.

लहानखुरी आहे. माझ्या खांद्याला लागेल एवढी. स्टेजवर आली, हसली, गिटार गळ्यात, आणि पुढच्या सेकंदाला इतका मोठा आवाज आला की नवरा दचकला. सोबत बास आणि ड्रम्स. मी दुर्बीण नेली होती (हसा, पण न्या) आणि पहिलं अख्खं गाणं मी फक्त तिचा उजवा हात बघत होते. ती बोटांना खोटी नखं चिकटवते आणि वरून काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळते, वायरमन वापरतात तीच. वाचलं होतं, पण बघायला वेगळंच. अंगठा खर्जाच्या तारांवर ताल धरतो, बाकीची बोटं बारीक तारा खेचून सोडतात, आणि मधूनच तळवा लाकडावर. इतकं जोरात वाजवून वाजवून २००५ मध्ये तिचे हात दुखावले होते, बरेच महिने वाजवणं बंद करावं लागलं होतं. दर गाण्यानंतर एक माणूस येऊन गिटार बदलून देतो, कारण प्रत्येक गाण्याचं ट्यूनिंग वेगळं. त्या वेळात ती बोलते. आमच्या बाजूच्यांना सगळे गावातले संदर्भ कळत होते, हशे पिकत होते, आम्हाला निम्मे कळले नाहीत. पण तेच बघायला तर आलो होतो. न्यू यॉर्कला ती एक मोठी आर्टिस्ट असते. इथे कोणीतरी बाल्कनीतून ओरडून काहीतरी विचारलं आणि तिने नावाने हाक मारून उत्तर दिलं.

'बोथ हँड्स' झालं, तिच्या पहिल्या आल्बममधलं. याचं बफेलो फिलहार्मोनिकबरोबरचं व्हर्जन 'लिव्हिंग इन क्लिप'वर आहे, म्हणजे मी तिच्याकडून ऐकलेलं बहुतेक हेच पहिलं. तेव्हा मागे ऐंशी वाद्यं होती असं वाटायचं, इथे फक्त गिटार, आणि हॉलच इतका घुमत होता की काही कमी वाटलं नाही. मला रडू आलं. नवऱ्याने न बोलता रुमाल दिला. आणि मग 'अनटचेबल फेस', ज्याच्या ध्रुवपदात एक सणसणीत शिवी आहे, ती त्या चर्चमध्ये, बाराशे लोकांनी, त्या साठीच्या बाईंसकट, एका सुरात दिली. नवरा माझ्या कानात म्हणाला, "आईला सांगू का, भजन छान झालं म्हणून?"

'थर्टीटू फ्लेवर्स'ला सगळे उभे. 'सबडिव्हिजन' मात्र झालंच नाही. मला खात्री होती की या गावात, या इमारतीत ते होणारच, शेवटच्या टाळ्यांपर्यंत वाट बघत होते. जरा हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू. नवीन गाणी बरीच होती आणि त्यातली दोन मला लांबट वाटली. आवाज अधूनमधून ड्रम्सखाली दबत होता, बाल्कनीत तरी. दगडी भिंती, त्याला काय करणार, नवऱ्याचं मत असं की पडदे लावले असते तर सुधारलं असतं. लावू नयेत असं माझं मत.

संपल्यावर लोक जाईनात. खाली बारपाशी गर्दी, टी-शर्ट घ्यायला रांग. नवरा गायब. शोधते तर हा एका कोपऱ्यात तिथल्या कर्मचाऱ्याशी गप्पा मारतोय आणि विषय काय, तर या इमारतीचं हीटिंग-कूलिंग. जमिनीत खोल बोअर मारून जमिनीच्या आतल्या तापमानावर चालवलेली सिस्टिम आहे, जिओथर्मल. बफेलोच्या थंडीत एवढ्या उंच दगडी हॉलला गॅसने गरम करायचं म्हणजे दिवाळं निघेल, म्हणून दुरुस्ती करतानाच ते करून घेतलं. "ही बाई हुशार आहे," नवरा बाहेर पडताना म्हणाला. इतकी वर्षं मी तिच्या कविता समजावून सांगत होते त्याला, आणि पटली ती बोअरवेलवरून! पण खरं सांगू का, मलाही त्या रात्री असंच वाटलं की गाणी लिहिणारे पुष्कळ असतात, आपल्या गावाची पडझड होतेय म्हणून चांगलं गाणं लिहिणारेही असतात, गाणं लिहून झाल्यावर दगडाचं बिल भरणारी मी तरी ही एकच बघितली.

रविवार

सकाळी एलमवुड ॲव्हेन्यूवर कॉफी आणि नाश्ता. तिथे वेक पाव मिळाला, म्हणजे वरून जाड मीठ आणि शहाजिरं लावलेला गोल पाव. लोक त्यात बीफ घालून खातात, आम्ही अंडं घालून घेतलं. शहाजिऱ्यामुळे एकदम ओळखीचा वास येतो आणि चव भलतीच लागते.

निघताना नायगाऱ्याची पाटी आली. तीस-पस्तीस मिनिटं फक्त. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि उजवीकडे वळलो.

वाटेत लेचवर्थ स्टेट पार्क केलं, जेनेसी नदीची खोल घळ आणि तीन धबधबे, वरून जाणारा रेल्वेचा कमानी पूल. वेळ कमी होता, मधला धबधबा नीट बघितला, बाकी गाडीतून. इथे एक अख्खा दिवस द्यायला हवा, ऑक्टोबरच्या मध्यात आलात तर रंग पण असतील. गर्दी नायगाऱ्याच्या दहाव्या हिश्शानेही नाही.

त्यानंतरचा सगळा रस्ता नवरा फोनवर हिशोब करत होता (गाडी मी चालवत होते). आमच्या बॅकयार्डात किती फूट बोअर घ्यावी लागेल, टाउनशिपची परवानगी, टॅक्स क्रेडिट मिळेल का. बिंगहॅम्टनला म्हणाला परवडेल, स्क्रँटनला म्हणाला नाही परवडणार. पार्सिपनीला थांबून साउथ इंडियन जेवलो कारण पावाचा कंटाळा आला होता, तिथे सांबार ओतून घेताना तो म्हणाला, "पण तिने तर अख्ख्या चर्चला केलंय, आपलं साडेतीन बेडरूमचं घर आहे." आता पुढच्या आठवड्यात एक माणूस बघायला येणारे.